उजेडाचे माप

छांदिष्ट माणसाकडे जग दोन दृष्टींनी पाहते. काही लोक त्याला वेडा ठरवतात, तर काही कौतुकाने त्याच्याकडे पाहत राहतात. त्याला स्वतःला मात्र या दोहोंकडे लक्ष देण्याची फुरसत नसते. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी पक्ष्यांच्या घरट्यांचा शोध घेत रानोमाळ हिंडतो, कोणी जुन्या घड्याळांच्या पोटात डोकावतो. अशा उद्योगातून पैसा मिळत नाही आणि नावलौकिकही क्वचितच मिळतो. परंतु एखाद्या वस्तूच्या मागे मनापासून लागलेला माणूस हळूहळू त्या वस्तूकडूनच काही शिकू लागतो. आणि ते शिक्षण शाळेतल्या शिक्षणापेक्षा कमी मोलाचे नसते.

नारायणगावच्या परिसरात, मीना नदीच्या काठी वसलेल्या एका गावी असेच एक छांदिष्ट गृहस्थ राहतात. शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणे हा त्यांचा धंदा. सारे गाव त्यांना 'मिस्त्री' म्हणून ओळखते. दिवसभर तांब्याची तार आणि काळे ग्रीस यांत त्यांचे हात बुडालेले असतात. संध्याकाळी दुकान बंद झाले, की ते हात धुतात आणि घरच्या ओसरीवर आपला दुसरा संसार मांडून बसतात. हा संसार विजेऱ्यांचा असतो. जे काम बाजारातल्या दोनशे रुपयांच्या विजेरीने भागले असते, त्यासाठी हा माणूस चार-चार महिने खपतो. घरच्यांनी त्यांना समजावणे कधीच सोडून दिले आहे. फक्त त्यांची सातवीत शिकणारी पुतणी या उद्योगात त्यांना सामील आहे. मिस्त्रींच्या हातात पकड असते आणि हिच्या हातात वही.

रात्रीच्या अंधारातून उजेड हातात घेऊन चालणे ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. पण ती साधी होण्यास फार काळ लागला. आपले पूर्वज चूड पेटवून चालत, मशाली नाचवत, कंदील घेऊन गोठ्यात जात. हे सर्व दिवे वाऱ्याला भीत आणि हवा तिथे उजेड टाकण्याऐवजी तो चहूकडे सांडत. १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिझेल या संशोधकाला हातात धरावयाच्या विजेच्या दिव्याचे पेटंट मिळाले. कागदाच्या नळीत एकापुढे एक ठेवलेले कोरडे सेल, टोकाला इवलासा दिवा आणि त्याच्यामागे पितळेचा परावर्तक, एवढीच ती वस्तू होती. तिचे सेल इतके दुबळे होते, की दिवा क्षणभर चमकवून पुन्हा विझवावा लागे. म्हणूनच इंग्रजीत तिचे नाव 'फ्लॅशलाइट', म्हणजे क्षणभर लखलखणारा दिवा, असे पडले. आपल्याकडे पुस्तकांत तिला 'विजेरी' म्हणू लागले आणि खेडोपाडी ती 'बॅटरी' म्हणून नांदू लागली.

आजच्या विजेरीच्या पोटात तारेचा दिवा नसतो. त्या जागी मसुराच्या दाण्याएवढा पिवळसर ठिपका असतो. त्याला एलईडी म्हणतात. या ठिपक्याच्या तळाशी निळा प्रकाश निर्माण होतो. वरच्या पिवळ्या थरातून बाहेर येताना त्यातील काही भागाचा पिवळा प्रकाश होतो आणि दोहोंच्या मिश्रणाने आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. असा निळा प्रकाश देणारी एलईडी बनवणे अतिशय कठीण होते. ते काम करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विजेरीतला सेलही बदलला. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा लिथियमचा सेल आपल्या अंगठ्याहून थोडाच मोठा असतो. पण त्यात पुष्कळ वीज साठवता येते. ती वीज जपून वापरावी लागते. चुकून त्याची दोन टोके धातूने जोडली गेली, तर तो तापून पेट घेऊ शकतो. म्हणून मिस्त्री पुतणीला सेलांना हात लावू देत नाहीत. वही तिची, सेल त्यांचे, अशी त्यांची वाटणी आहे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मिस्त्रींनी एक मोठी विजेरी बनवण्यास घेतली. एक किलोमीटरपर्यंत उजेड पोहोचला पाहिजे, असा त्यांचा संकल्प होता. ॲल्युमिनियमचा जाड दांडा त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून लेथवर कातून आणला आणि आठ सेंटिमीटर रुंदीचा परावर्तक पुण्याहून मागवला. आता सारी मदार त्या परावर्तकावर होती. त्याचा आकार वाटीसारखा दिसतो; पण ती साधी वाटी नसते. तिच्या बाकाला गणितात 'अन्वस्त' म्हणतात. या आकाराचा गुण असा, की त्याच्या नाभीवर दिवा ठेवला तर सर्व बाजूंनी आदळलेले किरण एकमेकांना समांतर होऊन एकाच दिशेने निघतात.

त्या गावच्या मुलांना हा आकार समजावून सांगण्यास फळ्याची गरज पडत नाही. जवळच खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या परिसरात अशा एकूण तीस तबकड्या असून प्रत्येकीची रुंदी पंचेचाळीस मीटर आहे. दूरच्या दीर्घिकांकडून आलेल्या क्षीण रेडिओलहरी त्या गोळा करतात आणि नाभीवर एकत्र आणतात. "ती तबकडी आकाशातलं घेते आणि एका ठिपक्यावर आणते," मिस्त्री म्हणाले, "आणि आपली वाटी एका ठिपक्यातलं घेते आणि दूर फेकते. आकार तोच, काम उलटं." पुतणीने वहीत एकाखाली एक अशा दोन वाट्या काढल्या आणि एकीत बाण आत येताना व दुसरीत बाहेर जाताना दाखवले.

प्रत्यक्षात तो ठिपका नाभीवर बसवणे मात्र सोपे गेले नाही. एक मिलिमीटर पुढेमागे झाले, की भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या मधोमध काळपट वर्तुळ उमटे. मिस्त्रींनी जाड कागदाच्या चकत्या कापल्या, एकेक चकती परावर्तकाखाली घालून पाहिली, काढली, पुन्हा घातली. तीन संध्याकाळी यात गेल्या. चौथ्या संध्याकाळी समोरच्या गोठ्याच्या भिंतीवर एक लहानसा, घट्ट, शुभ्र ठिपका पडला आणि दावणीला बांधलेली गाय दचकून उभी राहिली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मोठी मजुरी हाती पडतानाही कोणी पाहिले नव्हते.

विजेरी तयार झाली. पण ती किती चांगली झाली, हे कसे ठरवावे? "डोळ्यांनी पाहावे की!" असे कोणीही म्हणेल. परंतु उजेडाच्या बाबतीत डोळ्यासारखा लबाड साक्षीदार दुसरा नाही. उन्हातून घरात आलो की घर काळोखे दिसते, आणि थोड्या वेळाने त्याच घरात पुस्तक वाचता येते. घर तेच असते. बदलतो तो आपला डोळा. एका दिव्याचा उजेड दुसऱ्याच्या दुप्पट असला, तरी डोळा त्याला 'जरा जास्त' एवढेच म्हणतो. म्हणून उजेड मोजण्यास माप लागते.

हे माप फार जुन्या आणि सोप्या युक्तीनेही घेता येते. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने ती वापरली होती. पांढऱ्या कागदाच्या मधोमध तेलाचा एक थेंब पाडावा. थेंबाचा डाग कागदापेक्षा अधिक पारदर्शक होतो. हा कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरून पुढेमागे सरकवावा. ज्या जागी दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडतो, तेथे डाग जवळजवळ दिसेनासा होतो. समजा, मेणबत्ती कागदापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि दुसरा दिवा दोन मीटरवर. दुसरा दिवा चौपट दूर आहे, म्हणून तो चौपट तेजस्वी, असे उत्तर घाईत द्यावेसे वाटते. पण ते बरोबर नाही. तो सोळा पट तेजस्वी आहे.

असे का व्हावे? उजेड दूर जाताना पसरत जातो. एक मीटरवर तो एक फरशी उजळत असेल, तर दोन मीटरवर तोच उजेड दोन फरश्या रुंद आणि दोन फरश्या उंच एवढ्या जागेवर, म्हणजे चार फरश्यांवर वाटला जातो. तीन मीटरवर नऊ फरश्या, चार मीटरवर सोळा. आईने केलेल्या एका भाकरीचे जितके वाटेकरी वाढावेत, तितका प्रत्येकाचा वाटा लहान व्हावा, तसेच हे आहे. म्हणून विजेरीचा पल्ला दुप्पट करावयाचा तर तिचे तेज दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागते.

मिस्त्रींनी यासाठी उजेड मोजणारे छोटे यंत्र घेतले होते. त्याला लक्समापक म्हणतात. एका तारेच्या टोकाला पांढरी घुमटी असते. तिच्यावर जितका उजेड पडेल, तितका आकडा उमटतो. आता पल्ला कोठवर धरायचा, हा प्रश्न उरला. उजेड तर कोठेच एकदम संपत नाही. तो विरत जातो. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांच्या मोजणीचे नियम ठरले, तेव्हा यावर एक सुंदर तोड काढण्यात आली. जेथे विजेरीचा उजेड पाव लक्स, म्हणजे निरभ्र रात्री मोकळ्या मैदानावर पडणाऱ्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, तेथे तिचा पल्ला संपला असे समजावे. विजेरी लावल्याच्या पहिल्या लखलखत्या क्षणी आकडा घेऊ नये. तीस सेकंद तरी थांबावे, असेही त्यांत सांगितले आहे. कारण पहिल्या क्षणाचा उजेड पाहुण्यासमोरच्या वागण्यासारखा असतो. तो टिकतोच असे नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येची रात्र परीक्षेसाठी ठरली. गावाबाहेर कालव्याचा भराव बराच लांबवर सरळ जातो. दुपारीच मिस्त्री आणि पुतणी यांनी फितीने अंतर मोजून दर शंभर मीटरवर चुना लावलेली एकेक फळी उभी केली होती. शेवटची फळी हजार मीटरवर होती. बातमी फुटल्यामुळे रात्री दहा-बारा माणसे घोंगड्या पांघरून जमली. मिस्त्रींनी सर्वांना बजावले, की विजेरीच्या तोंडासमोर कोणी उभे राहायचे नाही आणि डोळ्यांत झोत घ्यायचा नाही. रस्त्याच्या दिशेने तर ती वळवायचीच नाही.

प्रथम मोजणी झाली. वीस मीटरवर स्टुलावर पांढरी घुमटी ठेवली होती. विजेरी लागताच माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. उजेडाचा पांढरा खांब अंधारात आडवा पडल्यासारखा दिसत होता आणि त्यात हवेतील धूळ चमकत होती. पुतणी मात्र खांबाकडे पाहत नव्हती. ती घड्याळ पाहत होती. तीस सेकंद झाल्यावर तिने आकडा वाचला: चारशे लक्स. अंतर वीस मीटर. वीस गुणिले वीस म्हणजे चारशे. चारशे गुणिले चारशे म्हणजे एक लाख साठ हजार. हे त्या झोताचे तेज. त्याचे माप कॅन्डेला. आता चांदण्याचा नियम लावायचा. तेजाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. एक लाख साठ हजारांचे वर्गमूळ चारशे. त्याची दुप्पट आठशे.

"आठशे मीटर, काका."

मिस्त्री काही बोलले नाहीत. हजार मीटरसाठी अडीच लाख कॅन्डेला लागतात, हे त्यांना ठाऊक होते. दोनशे मीटर कमी पडले होते आणि ते भरून काढण्यास दीडपटीहून अधिक तेज हवे होते.

जमलेल्या माणसांना हे गणित पटले नाही. "आकडे कशाला पाहता, मिस्त्री? फळ्या दिसतात का ते पाहू या," एकजण म्हणाला. झोत भरावावरून पुढे सरकला. पाचशे मीटरवरची फळी सर्वांना दिसली. सहाशेची दिसली. सातशेच्या फळीबद्दल दोघे गप्प राहिले. आठशे मीटरच्या फळीबद्दल कोणी 'दिसली' म्हणाला, कोणी 'नाही'. हजार मीटरच्या फळीकडे झोत गेला, तेव्हा तिघांनी एका आवाजात सांगितले, "ती काय, दिसतेय की! बारीक पांढरी." मिस्त्रींनीही डोळे बारीक करून पाहिले. "मलाही दिसते," ते म्हणाले.

तेव्हा पुतणी हळूच म्हणाली, "काका, हजारच्या फळीवर मी संध्याकाळीच गोणपाट टाकून ठेवलंय. पांढरं काही दिसायला नकोच."

क्षणभर सर्वत्र शांतता पसरली आणि मग घोंगड्यांतून हशा उसळला. "दिसतेय की" म्हणणारे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांपैकी कोणी जाणूनबुजून खोटे बोलले नव्हते. तेथे फळी आहे हे त्यांना ठाऊक होते. ती दिसावी अशी इच्छा होती. आणि इच्छेने डोळ्यांना जे दाखवायला सांगितले, ते डोळ्यांनी दाखवले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी पुतणीच्या हातातली वही घेतली आणि कंदिलाच्या उजेडात स्वतःच्या हाताने लिहिले: 'पल्ला ८०० मीटर. हजारची फळी दिसल्याचा भास झाला.'

आठशे मीटरवर चांदणे पोहोचते, तर ती फळीसुद्धा सर्वांना का दिसू नये? त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. उजेड तेवढे अंतर जाऊन फळीवर पडतो. पण आपल्याला फळी दिसायची, तर तिथून निघालेला उजेड तेवढेच अंतर परत येऊन आपल्या डोळ्यांत शिरला पाहिजे. शिवाय एवढ्या दूरची फळी इवलीशी होते. म्हणजे पल्ला हे उजेडाचे माप आहे, नजरेचे नव्हे.

परीक्षा अजून संपली नव्हती. विजेरी तशीच चालू ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा आकडा घेतला, तो तीनशे चोवीस भरला. सेलांत वीज भरपूर होती, तरीही उजेड जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरला होता. दोष उष्णतेचा होता. एलईडी तापली की तिचा उजेड मंदावतो. म्हणून तिच्यातली उष्णता झटपट बाहेर काढावी लागते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विजेरी उघडली. एलईडीची चकती ज्या पृष्ठभागावर बसवली होती, तो डोळ्यांना सपाट दिसत होता; पण बोटाने चाचपल्यावर त्यावर बारीक ओरखडे जाणवले. त्या ओरखड्यांत हवा अडकली होती, आणि हवा उष्णतेला वाट देत नाही. त्यांनी पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला, मध्ये तांब्याची जाड चकती घातली आणि उष्णता वाहून नेणारे मलम अगदी पातळ लावले. नव्या मोजणीत दहा मिनिटांनंतर आकडा तीनशे चौऱ्याऐंशी भरला. पल्ला सातशे चौऱ्याऐंशी मीटर. आकडा मोठा झाला नव्हता. पण आता तो भरवशाचा झाला होता.

या विजेरीची वार्ता बाजारपेठेपर्यंत गेली. एके दिवशी एक व्यापारी मिस्त्रींच्या दुकानी आले. त्यांनी विजेरी हातात घेऊन पाहिली, वजन जोखले आणि अशा पन्नास विजेऱ्यांची मागणी करण्याची तयारी दाखवली. त्यांची एकच अट होती. "मिस्त्री, खोक्यावर 'दोन किलोमीटर' छापू. बाजारात सगळे असंच लिहितात. आठशे मीटर लिहिलेली विजेरी घेणार कोण?"

पुतणी दुकानाच्या पायरीवर बसून गणित करीत होती. दोन किलोमीटर म्हणजे दोन हजार मीटर, निम्मे हजार, त्याचा वर्ग दहा लाख. ती म्हणाली, "दोन किलोमीटरला दहा लाख कॅन्डेला लागतात. आपल्याकडे एक लाख साठ हजार आहेत. सहापटीहून जास्त कमी पडतात."

"पोरी, गिऱ्हाईक काही फीत घेऊन मोजायला जात नाही," शेठ हसून म्हणाले.

"पण मी मोजलंय, शेठ," मिस्त्री म्हणाले. "आठशे लिहीत असाल तर बनवतो. दोन हजार लिहायचे असतील, तर दोन हजार पोहोचणारी बनवता येईपर्यंत थांबा." शेठ थांबले नाहीत. पन्नास विजेऱ्यांचे पैसे त्या घराला जड झाले नसते. त्या रात्री ओसरीवर कोणी फारसे बोलले नाही.

मोठ्या विजेरीचा खरा कस मात्र पुढेच लागायचा होता. शेजारच्या मळ्यातील एक वृद्ध शेतकरी, ज्यांना सारे 'आबा' म्हणतात, ते एकदा ती विजेरी मागून घेऊन गेले. त्या आठवड्यात शेतीपंपांची वीज रात्रीच्या पाळीला होती आणि आबांना उसात दारे धरण्यासाठी रात्रभर बांधावर थांबायचे होते. जुन्नरच्या उसात बिबट्याचा वावर असतो, म्हणून मिस्त्रींनी विजेरी आनंदाने दिली. सकाळी आबांनी ती परत आणली.

"उजेड झकास आहे, मिस्त्री," आबा म्हणाले. "लांबचा बांध लख्ख दिसतो. पण पायाखालचं दिसत नाही. झोत खाली धरला की एवढुसा गोळा पडतो, डोळे दिपतात, आणि त्या गोळ्याच्या बाहेर सगळा काळोख. दीड तासात बॅटरीही उतरली. बिबट्या कधीमधी येतो, मिस्त्री. घोणस रोज असते."

मिस्त्री ऐकत राहिले. चार महिने त्यांनी उजेड दूर फेकण्याचा ध्यास घेतला होता. आबांना तो जवळ हवा होता. त्यांनी पुतणीला वहीचे कोरे पान काढायला सांगितले. या वेळी प्रश्न 'किती दूर' असा नव्हता. 'कोणाच्या पायाशी, किती रुंद आणि किती वेळ' असा होता.

दुसरी विजेरी अगदी लहान झाली. तिला चकचकीत परावर्तक नव्हता. उजेड पसरवणारी धुरकट काच होती. एकच सेल होता. सारा उजेड मिळून शंभर ल्युमेन. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला म्हणजे एक लक्स, असा हिशोब असतो. चार मीटर रुंदीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस मीटर भरते. शंभर ल्युमेन त्यावर सारखे पसरले, तर प्रत्येक ठिकाणी आठ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या बत्तीस पट उजेड. पाऊल टाकण्यास तेवढा पुष्कळ होतो. विजेरी कपाळावर न बांधता कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, हेही ठरले. कमरेइतक्या उंचीवरून उजेड तिरपा पडतो. ढेकळे, काटक्या, वेटोळे, जे काही जमिनीवर असेल त्याची सावली पलीकडे पडते आणि वस्तू उठून दिसते. डोळ्यांच्या जवळून उजेड टाकला, की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि सारे सपाट दिसते.

तिची परीक्षा कालव्यावर झाली नाही, ओसरीवरच झाली. रात्री दहा वाजता विजेरी लावली आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहिण्यास सुरुवात झाली. उजेड दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा काळ 'चालू' म्हणून मोजण्याची मुभा नियमांत आहे. पण मिस्त्रींना ती पसंत नव्हती. दहाव्या हिश्शाच्या उजेडात ते आबांना उसात कसे पाठवणार? उजेड निम्म्यावर आला की विजेरी संपली, असा त्यांनी स्वतःचा नियम केला. बारा वाजता पुतणीला झोप लागली. पुढचे आकडे मिस्त्रींच्या वळणदार अक्षरात आहेत. एक वाजता, दोन वाजता, चार वाजता. सकाळी सहा वाजले, तेव्हा आठ तास पूर्ण झाले होते आणि उजेड अजून निम्म्याच्या वर होता.

मोठी विजेरी आजही मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. तिच्या दांड्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असून तिच्यावर पुतणीच्या अक्षरात लिहिले आहे: 'पल्ला ८०० मीटर. १० मिनिटांनंतर ७८४. पूर्ण जोरावर दीड तास.' कोणाचे जनावर रानात चुकले, की लोक ती मागून नेतात, आणि पट्टीवर लिहिले आहे तेवढे काम ती चोख करते. तिच्यापेक्षा मोठे आकडे छापलेल्या विजेऱ्या बाजारात पुष्कळ मिळतात. आकडा छापायला शाई पुरते. तो खरा करायला मात्र अंधारात उभे राहून मोजावे लागते.

लहान विजेरीच्याही पट्टीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. आबांनी त्या वाचल्या नाहीत. त्यांनी ती कमरेला अडकवली, कळ दाबली, आपल्या दोन्ही पायांकडे आणि भोवतालच्या मातीकडे एकदा नीट पाहून घेतले आणि खांद्यावर फावडे टाकून ते उसाकडे चालू लागले.